ओरिजिनल आहे, बसव

फोन आला तेव्हा माझ्या हातात दुसऱ्याच्या गाडीचा फ्युएल पंप होता. शिरोळचा एक माणूस तो तपासून घ्यायला आला होता आणि काउंटरपलीकडे उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अण्णा, काय वाटतंय?"

"कुठनं घेतलास?"

"पुण्यातनं. निम्म्या किमतीत दिला की."

"मग चालेल पण निम्माच. डुप्लिकेट आहे. परत देऊन ये."

तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात मोबाइल वाजला. नाव भरतेशचं होतं, आवाज त्याचा नव्हता.

"कोण बोलताय?" पलीकडच्यानं विचारलं.

"फोन तुम्ही केलाय. तुम्ही कोण?"

"मी टेम्पोवाला आहे. आंबा घाटातनं बोलतोय. या लाल गाडीतल्या पोराला लागलंय, त्याला धड बोलता येईना. त्यानंच हा नंबर लावून दिला. तुमचा कोण तो?"

"माझ्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. त्याच्याबरोबर बाई आहेत, त्यांच्याकडे द्या फोन."

 मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कोणीतरी 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' म्हणून ओरडत होतं. मग टेम्पोवाला हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुमच्याजवळ आत्ता कोण आहे का?"

मी शिरोळच्या माणसाकडे बघितलं. "आहे एक जण."

"मग त्याला बरोबर घेऊनच या."

त्या माणसाचं नावही मला माहीत नव्हतं. त्यानं दुकानाचं शटर ओढलं, मला त्याच्या गाडीत बसवलं आणि घाटाखालच्या सरकारी दवाखान्यापर्यंत नेलं.  दवाखान्याच्या दारात माझ्या बायकोची चप्पल कोणीतरी नीट जोडून ठेवली होती. ती बघितली आणि मला कळलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. माझं नाव शांतिनाथ मगदूम. जयसिंगपुरात सांगली-कोल्हापूर रस्त्यावर माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्रिशला माझी बायको. एकोणतीस वर्षांचा संसार झाला. मुलगी पल्लवी रत्नागिरीला दिलेली. त्या दिवशी त्रिशला तिच्याकडेच निघाली होती, चार दिवसांसाठी. भरतेशला त्या बाजूला काम होतं, म्हणून ती त्याच्या गाडीतून गेली. सकाळी आठला दुकानापुढे गाडी थांबवून तिनं किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "येतो मी." आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात. मी मान हलवली. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं.

झालं ते असं. घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक खाली गेला. भरतेशनं गिअर टाकले, हँडब्रेक ओढला. पुढे वळण होतं आणि वळणाच्या पलीकडे दरी. दरीत जाऊ नये म्हणून त्यानं गाडी डोंगराला घातली. डोंगर डावीकडे होता. डावीकडे त्रिशला बसली होती.

भरतेशचा उजवा हात मोडला. बाकी त्याला काही झालं नाही. तेच लोकांना सहन झालं नाही.

भरतेश तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला गाड्यांचा नाद. कोल्हापूरकडे मोकळ्या माळावर मातीत गाड्यांच्या शर्यती होतात, त्यात तो उतरायचा. एकदा दुसरा आला होता. गाडीला मोठा एअर फिल्टर, जाड सायलेन्सर, काय काय बसवायचा. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की पोरगं जोरात गाडी चालवतं. त्यामुळे घाटात काय झालं असेल ते कोणाला विचारावं लागलं नाही.

अंत्यविधी झाल्यावर आमच्या अंगणात त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या साडूनं, भूपालनं, सगळ्यांसमोर त्याला धरलं.

"किती होता स्पीड? सांग! अण्णासमोर सांग!"

"चाळीस," भरतेश म्हणाला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

"चाळीसनं माणूस मरतं होय रे?"

"बाबा, ब्रेक लागलाच नाही. पायाखाली काही नव्हतंच. मावशीनं पण बघितलं. ती म्हणाली, काय झालं रे…"

"मावशीचं नाव घेऊ नकोस तू!" माझी मुलगी पल्लवी आतून ओरडली. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. आजही बोलत नाही.

भरतेश माझ्याकडे बघत होता. "काका, पॅड. पॅडमध्येच काहीतरी होतं. तुम्हाला तरी पटतंय ना?"

मी काहीच बोललो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं बोलता येत नसेल.

नुसतं तेवढ्यामुळे नव्हतं. ते पॅड मी बघितले होते.

अपघाताच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. भरतेश दुपारी दुकानात आला आणि काउंटरवर एक खोकं ठेवलं. परदेशी कंपनीचे शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक पॅड. हेच पॅड मीही विकत होतो. त्यानं ते पुण्यातल्या कुठल्यातरी माणसाकडून आणले होते.

"माझ्याकडे असताना पुण्यापर्यंत कशाला गेलास?"

"तुमच्याकडनं घेतले की मावशी पैसे घेऊ देत नाही. सायलेन्सरच्या वेळीही असंच केलं तिनं. दरवेळी काय फुकट घ्यायचं?"

मागे माल उतरवायच्या टेबलाशी त्रिशला बसली होती. दुपारी ती दुकानात यायची, आलेला माल फळीवर लावायची. ती म्हणाली, "बरं झालं. आता शहाणा झालास. पुण्याच्या माणसाला श्रीमंत कर."

"स्वस्त मिळाले मावशी. म्हणून तर काकांना दाखवायला आणलेत."

दुकानात इचलकरंजीचे दोन मेकॅनिक बसले होते. ओरिजिनल-डुप्लिकेट ओळखण्यात माझं नाव होतं. सांगली, मिरज, कुरुंदवाडपर्यंतचे लोक माल घेऊन यायचे. त्याचे मी पैसे घेत नसे. 'मगदूमांच्या हाताखालनं काढून आण' असं मेकॅनिक गिऱ्हाइकाला सांगायचे. ते मला आवडायचं.

मी खोकं उचललं. हातावर तोललं. छपाई बघितली. डुप्लिकेट खोक्यावर लाल रंग थोडा विटकरी येतो आणि बारीक अक्षरं एकमेकांना चिकटतात. इथे तसं काही नव्हतं. होलोग्रामवर नख फिरवलं. अखंड होता. उजेडात तिरका धरला, आतला नंबर फिरला. एवढं मी दोन्ही मेकॅनिकना दिसेल असं केलं.

"ओरिजिनल आहे," मी म्हटलं. "बसव."

"काका, उघडून बघा की एकदा."

"खोकं बघितलं म्हणजे माल बघितला."

इचलकरंजीचा एक जण म्हणाला, "अण्णा पोरगी बघूनच सांगतील सासू कशी असेल ते." सगळे हसले. मीही हसलो.

"उघडून बघायला काय जातंय?" त्रिशला मागून म्हणाली.

"तुला कळतंय का त्यातलं? तू चहा सांग."

तिनं चहा सांगितला. भरतेश खोकं घेऊन गेला आणि त्याच संध्याकाळी त्यानं पॅड बसवून घेतले.

पॅड उघडून बघितले असते तर मला पाच मिनिटांत कळलं असतं. मागच्या लोखंडी पट्टीवर कंपनी नंबर ठोकते, डुप्लिकेटवाले तो रंगानं छापतात. करवतीच्या पात्यानं थोडं घासलं तर खऱ्या पॅडची भुकटी पडते, खोट्याचे तुकडे निघतात. गावात चालवताना फरक कळत नाही. घाट उतरताना हळू चालवली तरी पॅड तापतात, आणि खोट्या पॅडचा घासणारा थर पट्टीवरून सुटतो. मग ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड. हे सगळं मला माहीत होतं. मी ते दुसऱ्यांना शिकवत असे.

पोलिसांनी निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा भरतेशवर लावला होता. तो जामिनावर सुटला. सुतक फिटल्यावर तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे दुकानात आला. डाव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"काका, खोकं सापडलं. माझ्या खोलीतच होतं." त्यानं ते काउंटरवर ठेवलं. "वकील म्हणाले, माल डुप्लिकेट असेल तर केसच वेगळी होते. मग पुण्याच्या माणसाला धरतील. आणि पॅड पोलिसांकडे आहेत. ते म्हणाले, याच धंद्यातला जाणकार माणूस येऊन सांगू दे. मी तुमचं नाव दिलं."

"माझं?"

"मग कोणाचं देऊ? काका, तुम्ही म्हणालात तर सगळे मानतील. बाबाही मानतील." त्यानं खोकं माझ्याकडे सरकवलं. "पण खोटं सांगू नका माझ्यासाठी. ओरिजिनल असतील तर ओरिजिनल सांगा. मला एवढंच कळायला पाहिजे की मावशी माझ्यामुळे गेली का."

"ठेवून जा," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी खोकं पुन्हा बघितलं. छपाई खरी. होलोग्राम खरा. डुप्लिकेट माल खऱ्या खोक्यात कसा जाईल ते मला समजेना. म्हणजे समजत होतं, पण मी तिकडे जात नव्हतो. मग मी वरचं झाकण पूर्ण मागे दुमडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: '४ वर डावीकडे'.

ते त्रिशलाचं अक्षर होतं. नवा माल आला की तो कुठल्या फळीवर लावला ते ती खोक्याच्या झाकणाच्या आत लिहायची. बाहेर लिहिलं तर गिऱ्हाइकाला जुना माल वाटतो, म्हणून आत. चौथी फळी, वरची रांग, डावीकडे. मी मान वर केली तर तीच जागा समोर होती.

खोकं माझ्या दुकानातलं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. पॅड, फिल्टर, बेअरिंग, काहीही असो, गाडीला माल बसला की रिकामं खोकं दुकानात किंवा मेकॅनिककडे राहतं. ती खोकी विकत घेणारे लोक असतात. आमच्याकडे निवृत्ती नावाचा माणूस महिन्यातून एकदा मोपेडवर गोणी बांधून यायचा. रद्दीवाला किलोवर घेतो. निवृत्ती नगावर घ्यायचा, आणि होलोग्राम न फाटलेल्या खोक्याला जास्त द्यायचा. हे सगळ्या बाजारात चालतं. ही खोकी कुठे जातात ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. उलट दुकानाबाहेर माल बसवणाऱ्या मिस्त्रीला मीच सांगून ठेवलं होतं, "सील नखानं हळू उचल. फाडू नकोस."

प्रत्येक खोक्यावर कंपनीनं बारीक अक्षरात छापलेलं असतं, वापरानंतर हे खोकं फाडून टाका. त्रिशलानं एकदा चष्मा लावून ते मला वाचून दाखवलं होतं.

"अहो, इथं लिहिलंय फाडा म्हणून. तुम्ही निवृत्तीला का देता?"

"फाडलं तर तो काय देईल?"

"पण तो काय करतो त्याचं?"

"नटबोल्ट भरत असेल. तुला काय करायचंय?"

"नटबोल्टाला होलोग्राम कशाला लागतोय?" ती म्हणाली. मग पुढचं खोकं उचललं आणि झाकणाच्या आत फळीचा नंबर लिहिला.

निवृत्ती त्याच आठवड्यात आला. त्यानं दारातच डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनींचं कळलं अण्णा. लई वाईट झालं."

"निवृत्ती, तू ही खोकी कोणाला देतोस?"

तो गोणीची दोरी सोडता सोडता थांबला. "का? काय झालं?"

"विचारलं."

"एवढ्या वर्षांत नाही विचारलंत ते?"

"आता विचारतोय."

"पुण्याचा माणूस येतोय, त्याला देतो. त्याच्यापुढं मला माहीत नाही." मी बघतच राहिलो तेव्हा तो जरा चिडला. "अण्णा, असं काय बघताय? रिकाम्या खोक्याला कोण पैसे देतंय? तुम्ही सगळ्या जिल्ह्याला ओरिजिनल-डुप्लिकेट सांगता. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मला सांगू नका. माझ्यावर ढकलायचं असेल तर ढकला, मी गरीब माणूस आहे. पण खोटं बोलू नका."

"जा तू," मी म्हटलं.

"आजची खोकी?"

"जा म्हणतोय ना."

तो गेला. मला त्याचा राग आला नाही. तो बोलला त्यात चूक काहीच नव्हती.

दोन दिवसांनी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. भरतेश आधीच बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. त्यानं इस्त्री केलेला शर्ट घातला होता, एका हातानं बटणं लावल्यामुळे एक बटण चुकलं होतं. मला बघून तो उठला.

"काका, खोकं आणलंय?"

"घरी आहे."

"बघितलंत?"

"बघितलं."

"कसं आहे?"

"खोकं ओरिजिनल आहे," मी म्हटलं.

ते खरं होतं. त्याचा चेहरा एकदम बदलला. तो परत बाकावर बसला आणि खाली फरशीकडे बघू लागला. मी त्याला पुढचं वाक्य सांगायला हवं होतं. ते मी आत जाऊन सांगणार होतो. खरंच तसं ठरवून गेलो होतो.

आत शेलार नावाचे हवालदार होते. वयानं माझ्याएवढे, चांगले गृहस्थ. त्यांनी मला पाणी दिलं, मग कपाटातून कापडी पिशवी काढून तिच्यातला माल कागदावर ठेवला. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड. चारपैकी तीन पट्ट्या नुसत्या लोखंडाच्या होत्या. घासणारा थर सगळाच्या सगळा सुटला होता. चौथ्यावर एक तुकडा चिकटून होता, त्याला मी अंगठा लावला तर तो हातात आला.

"मगदूमसाहेब, बाईंच्या बाबतीत तुम्हाला इथं बोलवावं लागतंय, मला बरं वाटत नाही," शेलार म्हणाले. "पण पोरगा म्हणतो, तुमच्यासारखं ओळखणारा दुसरा नाही. बघा आणि सांगा. ओरिजिनल की डुप्लिकेट?"

मी पट्टी उलटी केली. नंबर रंगानं छापलेला होता. उष्णतेनं अर्धा उडाला होता.

"डुप्लिकेट निघाले तर पुढं काय होतं?" मी विचारलं.

"मग तपास तिकडं वळतो. माल कुठनं आला, कुणी विकला, कुणी बसवला. खोकं जप्त करायचं, कंपनीला कळवायचं. ती मोठी साखळी असते म्हणतात. एकेक पकडत जायचं."

"आणि पोराचं?"

"पोराचं काय, मग त्याची चूक कशी म्हणणार? ब्रेकच नाही म्हटल्यावर. उलट त्यानं गाडी दरीत जाऊ दिली नाही." त्यांनी लिहायचा कागद पुढे ओढला. "तो असंही म्हणतो की बसवायच्या आधी हे तुम्ही बघितले होते."

"हो."

"तेव्हा काय वाटलं होतं?"

खिडकीतून बाक दिसत होता. भरतेशनं चुकलेलं बटण काढलं होतं आणि एका हातानं ते परत लावत होता. त्याला ते जमत नव्हतं.

"ओरिजिनल वाटले होते," मी म्हटलं.

"आणि आता?"

मी पट्टी कागदावर ठेवली.

"ओरिजिनलच आहेत. जास्त तापले की ओरिजिनलचाही थर सुटतो. जोरात चालवून सारखा ब्रेक मारला की सुटतो."

शेलार लिहून घेत होते. "जोरात चालवून," ते म्हणाले, "हे लिहू?"

"लिहा."

मी सही केली. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मी त्रिशलाचं नाव वाचवतोय. खोकं जप्त झालं तर तिचं अक्षर कोर्टात फिरेल, डुप्लिकेट मालाच्या कागदांत तिचं नाव येईल. हे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरं एवढंच होतं की मला माझं नाव जाऊ द्यायचं नव्हतं. बायको गेली होती आणि मला दुकानाच्या नावाची काळजी होती.

बाहेर आलो तेव्हा भरतेश उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला जे कळायचं ते कळलं.

"ओरिजिनल?" तो म्हणाला.

"हं."

तो खाली वाकला आणि डाव्या हातानं माझ्या पायाला हात लावला. "मला माफ करा काका."

घरी येऊन मी खोकं घेतलं आणि फाडलं. झाकण वेगळं निघालं. तिचं अक्षर असलेला तेवढा तुकडा ठेवावा असं वाटलं. घरात तिच्या हातचं लिहिलेलं फारसं काही नव्हतं. पण ठेवला नाही. सगळे तुकडे बंबात घातले आणि त्या पाण्यानं अंघोळ केली.

केस तीन वर्षं चालली. भरतेशच्या वकिलाला पॅड प्रयोगशाळेत पाठवायचे होते. वकील चांगला होता, त्याला काहीतरी वास आला असावा. भरतेशनंच नको म्हटलं. हे मला भूपालनं सांगितलं. माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर बसून सांगितलं.

"वकील म्हणतोय तपासू या. पोरगं म्हणतंय, काकांनी सांगितलंय ना ओरिजिनल, मग आणखी कोणाला विचारायचं? काकांना खोटं पाडायला मी कोर्टात उभा राहणार नाही. अण्णा, आता तुम्हीच सांगा, काय करू?"

"त्याचं बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे?"

"उगाच खर्च कशाला?"

भूपाल उठायला लागला. मग म्हणाला, "तुम्ही मोठ्या मनाचे अण्णा. दुसरा कोण असता तर त्याला दारात उभा केला नसता." जाताना त्यानंही माझ्या पायाला हात लावला. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

कोर्टात माझा जबाब वाचला. मयताचा नवराच म्हणतो की माल ओरिजिनल होता आणि गाडी जोरात चालवल्यामुळे थर सुटला, यावर बोलायला फारसं राहिलं नाही. शिक्षा झाली, अपिलात कमी झाली. सात महिने भरतेश तुरुंगात होता. ठरलेलं लग्न मोडलं. सुटल्यावर तो परत कधी गाडीच्या स्टिअरिंगवर बसला नाही. आता तो नांदणीजवळ एका काट्यावर बसतो, उसाच्या गाड्यांचं वजन करतो. कामावर सायकलनं जातो. पोरं त्याला चेष्टेनं 'रेसर' म्हणतात. तोही हसतो.

मी खोकी विकायचं बंद केलं. हातानं फाडतो. निवृत्ती पुढच्या दुकानात जातो. लोक अजूनही माल तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. पहिली दोन वर्षं मी नको म्हणत होतो, मग परत बघायला लागलो. आता उघडून बघतो. माझं म्हणणं अजूनपर्यंत कोणी चूक ठरवलेलं नाही.

दरवर्षी त्रिशलाच्या पुण्यतिथीला भरतेश येतो. पल्लवी त्या वेळी आलेली असली तर तो दारातूनच नमस्कार करून जातो. ती नसली तर आत येतो, फोटोसमोर अर्धा तास बसतो. यंदाही आला. सदतीस वर्षांचा झाला आहे, केस कानशिलावर पांढरे झाले आहेत. पल्लवी आली नव्हती. घरात आम्ही दोघंच होतो. उठता उठता तो म्हणाला,

"काका, एक विचारू?"

"विचार."

"मी तेव्हा सगळ्यांना चाळीस सांगत होतो. मला तसंच आठवत होतं. स्पीडचा काटा बघितल्याचंही आठवत होतं. पण आता मला वाटतं, मी खोटं बोललो असेन. साठ असेल. कदाचित सत्तरही. पॅड ओरिजिनल होते म्हटल्यावर चाळीसला कसं होईल? तुम्हाला काय वाटतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. त्याला उत्तर पाहिजे होतं, आणि उत्तर देऊ शकेल असा जगात मी एकटाच होतो.

"जेवून जा," मी म्हटलं.

"नको काका, काट्यावर जायचंय. हंगाम सुरू आहे."

तो पायरी उतरून सायकलीजवळ गेला. मी दारात उभा होतो. हाक मारली असती तर त्याला ऐकू आली असती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

तो चाळीसनंच चालला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.